उंचीचा रकाना

आमच्याकडच्या शाळांत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावतात. सगळ्यात बुटकं मूल पुढे, उंच मूल मागे. पीटीच्या सरांनी जूनमध्ये एकदा रांग लावून दिली की वर्षभर तीच चालते. पाचवीतली एक मुलगी खोकल्यासाठी आली होती. छाती तपासून झाल्यावर मी तिला विचारलं, "प्रार्थनेला कितव्या नंबरला उभी राहतेस?" हा प्रश्न मी आता प्रत्येक शाळकरी मुलाला विचारते. ती म्हणाली, "एक नंबर." मग जरा थांबून आपणहून पुढे म्हणाली, "दुसरीत असताना सात नंबरला होते. मग तीनला आले. आता एक."

तिची आई हसली. "नंबर वरवर येतोय बघा मॅडम."

मला मात्र ते ऐकून धस्स झालं. वर्गातल्या सहा मुली तिला ओलांडून मागे गेल्या होत्या, आणि ती जागच्या जागी उभी होती.

मी म्हटलं, "उद्या परत या, आणि हिची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं घेऊन या."

"मार्क चांगले आहेत हो हिचे."

"मार्क नकोत मला. उंची-वजनाचं पान हवंय."

आपल्या मराठी शाळांच्या प्रगतिपुस्तकात हे पान असतं. प्रथम सत्र, द्वितीय सत्र, आणि दोन्हींच्या समोर उंची, वजन. घरी पालक गुण बघतात, शेरा वाचतात, सही करतात. या दोन आकड्यांवर कुणाची नजर ठरत नाही. काही शाळांत बाई खरंच पट्टी लावून मोजतात. काही ठिकाणी मागच्या वर्षीच्या आकड्यात पाच मिळवून सगळ्या वर्गाची पानं एका दुपारी भरली जातात. ते लगेच ओळखू येतं, कारण वर्गातलं प्रत्येक मूल बरोबर पाच सेंटिमीटर वाढलेलं असतं. या मुलीचं नशीब चांगलं की तिच्या बाईंनी मोजलं होतं. चार वर्षांची चार पुस्तकं, वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी शाई. पहिलीत ११२. दुसरीत ११७. तिसरीत १२१. चौथीत १२३. आणि आदल्या दिवशी माझ्याकडे भरलेली उंची, १२४.२.

हे आकडे मी तिच्या आईसमोर तक्त्यावर मांडले. आम्ही पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतो. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. कागदावर सात वाकड्या रेषा असतात. सगळ्यात खालची रेषा तिसऱ्या पर्सेंटाइलची. त्याचा अर्थ सोपा आहे: एकाच वयाच्या शंभर मुली उंचीप्रमाणे रांगेत उभ्या केल्या, तर पहिल्या तीन या रेषेच्या खाली येतील. त्या तिघींना वैद्यकीय भाषेत बुटकं म्हणायचं, आणि त्यांच्याकडे नीट बघायचं. ही मुलगी त्या तिघींत नव्हती. १२४.२ हा ठिपका सगळ्यात खालच्या रेषेला जेमतेम टेकला होता. तो एकटाच ठिपका समोर असता तर मीही म्हटलं असतं, "कमी आहे, पण रेषेच्या आत आहे, सहा महिन्यांनी बघू."

पण मागचे चार ठिपके होते. पहिलीतला ठिपका मधल्या रेषेवर होता. तिथून ते एकेक पायरी उतरत आले होते. एका वर्षात पाच, मग चार, मग दोन, मग एक आणि थोडं. बाळ जन्मतः साधारण पन्नास सेंटिमीटर असतं, पहिल्या वर्षात पंचवीस वाढतं, दुसऱ्यात दहा-बारा. पुढे वेग कमी होत जातो, आणि चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या खाली गेलं की थांबायचं आणि कारण शोधायचं. इथे दोन वर्षं वाढ जवळपास थांबलेली होती.

रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, शंभराच्या पुढे. थायरॉइड ग्रंथीने काम सोडून दिलेलं.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. तिला महिनोन् महिने शौचाला त्रास होता, घरात इसबगोल चालू होतं. भर मार्चमध्ये वर्गात स्वेटर घालून बसायची. कातडी कोरडी, केस राठ. अक्षर मोत्यासारखं. आई म्हणाली, "शहाणी आहे हो, कधी त्रासच दिला नाही." थायरॉइड मंदावलेली शाळकरी मुलं अशीच असतात. मस्ती करत नाहीत, एका जागी बसून लिहितात, म्हणून बाईंची लाडकी असतात. त्यांच्याबद्दल तक्रार करायला कुणी दवाखान्यात येत नाही.

हे निदान मी केलं असं लोक म्हणतात. खरं तर ते पहिली ते चौथीच्या बाईंनी करून ठेवलं होतं, मी फक्त पानं उलटली.

आणि ही गोष्ट सांगते आहे तर दुसरीही सांगायला हवी.

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली. एक मुलगी चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडे यायची. सर्दी, ताप, जुलाब, कान दुखणं. कान फार वेळा दुखायचा. गोड मुलगी, बडबडी. अकरा वर्षांची झाल्यावर ते कुटुंब दुसऱ्या गावी गेलं. चौदाव्या वर्षी आई तिला परत घेऊन आली. वर्गातल्या सगळ्या मुलींना पाळी आली होती, हिला नाही. ती दारातून आत आली आणि मला क्षणभर वाटलं, हिची धाकटी बहीण आली आहे. उंची १२७ सेंटिमीटर.

गुणसूत्रांची तपासणी केली. दोनऐवजी एकच एक्स. टर्नर सिंड्रोम. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला असतो. काहींची मान रुंद असते, काहींचे पाय जन्मतः सुजलेले असतात, कान वारंवार फुटतात. आणि काहींना बुटकेपणाखेरीज वरून दिसणारं काहीच नसतं. म्हणून पुस्तकात ठळक लिहिलेलं असतं की कारण न सापडलेल्या प्रत्येक बुटक्या मुलीची गुणसूत्रं तपासा. मी ते वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

त्या रात्री मी तिचे जुने केसपेपर काढले. नऊ भेटी. नऊ वेळा वजन, ग्रॅमपर्यंत. उंचीचा रकाना नऊच्या नऊ वेळा रिकामा.

असं का झालं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लहान मुलांच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. वजन लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहिताच येत नाही, म्हणून तो रकाना कधी रिकामा राहत नाही. उंचीवर त्या दिवशीचं काहीच अडत नाही. ताप उतरतो, पोर खेळायला लागतं, आई समाधानाने जाते. उंचीवर जे अडतं ते दहा वर्षांनी.

निदान चौथ्या-पाचव्या वर्षी झालं असतं तर ग्रोथ हार्मोन तेव्हाच सुरू करता आलं असतं, आणि त्या वयात सुरू केलेल्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. हृदयाची सोनोग्राफी तेव्हाच झाली असती. चौदाव्या वर्षीही थोडी वाट उरली होती. मी तिला शहरातल्या हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवलं आणि उपचार सुरू झाले. पण पाठवण्याआधी, मी सगळं समजावून सांगितल्यावर, तिची आई अगदी शांतपणे म्हणाली, "आम्ही तर तुमच्याकडेच येत होतो."

त्या वाक्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी तेव्हा काही बोलू शकले नाही. आजही मला त्याचं उत्तर देता येणार नाही.

त्यानंतर आमच्या दवाखान्यात उंची मोजायला सुरुवात झाली. पण मोजणं म्हणजे काय हेही मला तेव्हा कळत नव्हतं. भिंतीवर एका औषध कंपनीने दिलेला जिराफ चिकटवलेला होता. त्याच्या मानेवर आकडे. मुलाला उभं करायचं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची, आकडा वाचायचा. वर्षभर असे आकडे जमवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या एका पावसाळ्यात सगळीच मुलं जरा जास्त वाढली आहेत. उन्हाळ्यात आम्ही जुन्या फरशीवर नव्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. जमीन दोन सेंटिमीटर वर आली, जिराफ होता तिथेच राहिला. शिवाय भिंतीला खाली स्कर्टिंग होतं, त्यामुळे टाचा भिंतीला लागतच नव्हत्या आणि मूल जरा मागे रेललेलं असायचं. जी दोन सेंटिमीटर मी मुलांना उगाच बहाल केली, ती जवळपास पाच महिन्यांची वाढ. तेवढ्यात एखादं आजारी मूल सहज लपून जाईल.

जिराफ काढला. स्टेडिओमीटर, म्हणजे सरकत्या पट्टीचं उंची मोजायचं उपकरण, आणला, स्कर्टिंग तेवढ्यापुरतं तोडून घेतलं.

आता आमच्या सिस्टर कसं मोजतात ते सांगते, कारण हे नीट बघण्यासारखं आहे. आधी बूट, मग मोजे. मग केस. शाळेतून थेट आलेल्या मुलींच्या दोन वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या असतात; त्या सोडायच्या, हेअरबँड काढायचा. मुली कुरकुरतात, आया म्हणतात असू दे हो, पण सिस्टर ऐकत नाहीत. टाचा जुळलेल्या, गुडघे सरळ, टाचा-कुल्ले-पाठ मागच्या पट्टीला लागलेली. मूल आपसूक हनुवटी वर करतं, त्याला उंच व्हायचं असतं. तिथे सिस्टर त्याच्या डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आणतात. याला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात. मग दोन्ही हातांनी जबड्याखालून किंचित वर आधार देतात आणि म्हणतात, "मोठा श्वास घे, टाच उचलायची नाही." पट्टी केसांवर दाबून खाली येते. सिस्टर स्वतः वाकून डोळा आकड्याच्या पातळीत नेतात, वरून वाचत नाहीत. मिलिमीटरपर्यंत वाचायचं. मूल बाजूला करायचं, परत उभं करायचं, परत वाचायचं. तीनदा. मग तारीख, वेळ, आणि कुणी मोजलं त्याची सही. वेळ अशासाठी की दिवसभर उभं राहून, खेळून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळची उंची संध्याकाळी सेंटिमीटरभर कमी भरू शकते. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं मोजायचं, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने डोकं धरायचं, एकाने पाय. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. म्हणून बाळ दोन वर्षांचं झालं आणि आडव्याचं उभं झालं की ते अचानक 'आखडल्यासारखं' दिसतं, तेही लिहून ठेवावं लागतं.

या सगळ्याला चार मिनिटं लागतात. बाहेर वीस पेशंट बसलेले असताना चार मिनिटं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

मुलाची उंची मोजून झाली की आईबाबांची. विचारून चालत नाही, मोजावीच लागते. बाप हमखास दोन इंच वाढवून सांगतात. आया म्हणतात माहीत नाही, किंवा म्हणतात, "बायोडेटात पाच दोन लिहिली होती." लग्नाच्या बायोडेटातली ती उंची मोजपट्टीखाली आली की पुष्कळदा चार फूट अकरा इंच भरते, आणि बाई ओशाळते. मी तिला सांगते की यात लाजायचं काही नाही, तुमची खरी उंची तुमच्या लेकराच्या कामाची आहे. दोघांच्या उंचीची सरासरी काढायची, मुलगा असेल तर साडेसहा सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे. बाप १६५, आई १५१, तर मुलगी साधारण १५१.५ च्या आसपास, आठेक सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे. बायोडेटातल्या उंचीवर हिशेब केला तर एखाद्या धडधाकट मुलीमागे विनाकारण तपासण्या लागतात. आणि खऱ्या उंचीवर केला की कधीकधी एका वाक्यात काम होतं: ही आईसारखी आहे, हिचा वेग चांगला आहे, हिला एकटं सोडा.

आजी सोबत असेल तर ती म्हणते, "ह्याचा बाप पण असाच होता, बारावीनंतर वाढला." हे मी नीट लिहून घेते. अशा घरांतली मुलं उशिरा वयात येतात आणि उशिरापर्यंत वाढतात. हाताच्या एक्स-रेत हाडाचं वय खऱ्या वयाच्या दीड-दोन वर्षं मागे दिसतं. आजीचं ते एक वाक्य पुष्कळ खर्च वाचवतं. पण तेच वाक्य वेग न मोजता स्वीकारलं, तर तेच घात करतं. त्या थायरॉइडच्या मुलीच्या घरीही "आमच्याकडे उशिराच वाढतात" असंच म्हणत होते.

वयाचंही तसंच. ठिपका चुकीच्या वयावर ठेवला तर उंची कितीही अचूक मोजून उपयोग नाही. आपल्या आधीच्या पिढीत गावोगाव अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला यायचा, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख टाकलेली. आता जन्मदाखले आहेत, तरी प्रवेशासाठी चार-सहा महिने पुढेमागे केलेली मुलं अजून भेटतात. मी आईला विचारते, "खरी तारीख सांगा, शाळेतली नको. पाऊस होता का? सण कुठला होता?" पोळ्याच्या दोन दिवस आधी, असं उत्तर आलं की मोबाइलवर जुनी पंचांगं बघून तारीख सापडते.

या सगळ्याच्या मागे एक मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. तीन मुलांमागे एकाहून अधिक. यातली बहुतेक मुलं आजारी नाहीत. आईच्या पोटात असताना आणि पुढची दोन वर्षं अन्न कमी पडलं, जुलाब वारंवार झाले, दोन बाळंतपणांत अंतर राहिलं नाही, त्यातून ती खुजी राहिली. तो प्रश्न फार मोठा आहे आणि ताटातून सुटणारा आहे. पण त्यामुळे आणखी एक गोष्ट होते. जिथे पुष्कळ मुलं बुटकी असतात तिथे आजाराने बुटकं राहिलेलं मूल उठून दिसत नाही. अंगणवाडीतल्या पंचवीस मुलांत नऊ खुजी असतील, तर त्यात एकाची मूत्रपिंडं अंगातलं आम्ल बाहेर टाकत नाहीत, एकीला गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, हे कोण कसं ओळखणार? सीलिअॅकची, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याच्या याच आजाराची, एक मुलगी माझ्याकडे अशीच आली होती. दोन वर्षं लोहाचं औषध घेत होती, हिमोग्लोबिन हलत नव्हतं आणि उंचीही. पोट दुखत नव्हतं, जुलाब नव्हते. तिचा आजार फक्त उंचीतून बोलत होता.

अंगणवाडीत मोजमाप होतच नाही असं नाही. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाल्यापासून उंची मोजण्याची साधनं पोचली, २०२१ पासून पोषण ट्रॅकर अॅपमध्ये नोंदी भरल्या जातात. मी एकदा आमच्या भागातल्या सेविकाताईंना मोजायला शिकवायला गेले होते. एक बाळ किंचाळत होतं, मदतनीस ताईंच्या हातात स्वयंपाकाचा डाव, सेविकाताई एकट्याच बाळाचे पाय सरळ करायला बघत होत्या, आणि मोबाइलला रेंज नव्हती. त्यांनी तशातही आकडा वहीत लिहिला, तारीख घातली. मी जुनी पानं चाळली तर तीन वर्षांच्या सलग नोंदी होत्या. पण मूल सहा वर्षांचं होऊन शाळेत गेलं की ती वही अंगणवाडीत राहते. शाळेत प्रगतिपुस्तक नव्याने सुरू होतं. आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांचं कार्ड वेगळं. खासगी डॉक्टरची फाइल वेगळी, आणि ती बहुधा पावसात भिजलेली. उंची चार ठिकाणी लिहिलेली असते आणि चारही ठिकाणचे ठिपके एका कागदावर कधी येत नाहीत. मला यंत्रांची एवढी चिंता वाटत नाही. ही पानं तुटलेली आहेत, ती जोडायची आहेत.

तपासण्यांबद्दल थोडं. काही ठिकाणी उंचीसाठी तपासण्यांचं पॅकेज विकतात. एक शेतकरी बाप असा अहवाल घेऊन आला होता, त्यात सकाळी अकरा वाजता घेतलेल्या रक्तातलं ग्रोथ हार्मोन 'कमी' म्हणून लाल अक्षरांत छापलेलं. हे हार्मोन दिवसभर एकसारखं वाहत नाही, लाटेसारखं सुटतं, आणि मोठ्या लाटा मूल गाढ झोपेत असताना येतात. अकरा वाजता ते कमीच असणार. त्याची खरी तपासणी हार्मोनतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, औषध देऊन लाट उठवून, अनेकदा रक्त घेऊन करतात, आणि तीही बाकी सगळं तपासून झाल्यावर. त्या बापाने त्यासाठी उसने पैसे काढले होते. मुलाचा वेग वर्षाला साडेपाच सेंटिमीटर होता, आईबाप दोघेही ठेंगणे. त्याला कसलाच आजार नव्हता.

आधी स्वस्त गोष्टी कराव्या. रक्ताची साधी मोजणी, दाह दाखवणारा ईएसआर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कॅल्शियम, थायरॉइड, सीलिअॅकची तपासणी, लघवी. मुलगी असेल तर गुणसूत्रं. आणि डाव्या हाताचा एक एक्स-रे. हा एक्स-रे वाचायला मला अजून आवडतं. ग्रॉयलिश आणि पाइल यांचा अॅटलास, म्हणजे वयावार लावलेल्या हातांच्या एक्स-रेंचं पुस्तक, उघडायचा आणि समोरच्या हाताशी जुळणारा हात शोधायचा. त्या पुस्तकातले हात १९३० च्या दशकात आणि पुढे काही वर्षं अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये वाढलेल्या सुखवस्तू मुलांचे आहेत. ती मुलं दर थोड्या महिन्यांनी येऊन हात ठेवून गेली, कुणीतरी प्रत्येक हातावर तारीख घातली, म्हणून आज उसाच्या फडात वाढलेल्या पोराच्या हाडांचं वय मला सांगता येतं.

त्याहून जुनी एक नोंद आहे. फ्रान्समधल्या फिलिबेर गेनो द मोंबेयार या गृहस्थाने आपल्या मुलाची उंची तो जन्मल्यापासून दर सहा महिन्यांनी मोजली, १७५९ ते १७७७, सलग अठरा वर्षं. ती त्याचा मित्र ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात छापली. एकाच मुलाची जन्मापासून मोठा होईपर्यंतची सलग नोंद म्हणून जगात ती पहिली मानली जाते. वाढीच्या वेगाचा आलेख आजही वैद्यकीय पुस्तकांत शिकवतात तो याच मुलाचा. त्या बापाला काही सिद्ध करायचं नव्हतं बहुतेक. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारणारा बाप हेच करतो. फक्त तो रेघेशेजारी तारीख लिहायला विसरतो, आणि दिवाळीला रंगकाम निघालं की सगळं बालपण पुसलं जातं.

मला सगळ्यात जड जाते ती एकोणिसाव्या वर्षी येणारी मुलं. पोलीस भरतीत मुलग्यांना १६५ सेंटिमीटर लागतात, मुलींना १५५. एक मुलगी आली होती. पहाटे चारला उठून दोन वर्षं पळत होती, लेखीची तयारी झाली होती. उंची १५३.४. तिने बारला लोंबकळून पाहिलं होतं, जाहिरातीतली पावडर तीन महिने खाल्ली होती. "मॅडम, दीड सेंटिमीटरच पाहिजे," ती म्हणाली. मी तिच्या हाताचा एक्स-रे उजेडात धरून दाखवला. हाडांच्या टोकांशी वाढीची जी काळी रेष असते ती कुठेच उरली नव्हती. ती रेष बुजली की कुठलंही औषध, कुठलंही इंजेक्शन उंची वाढवत नाही. मुलींना पाळी सुरू झाल्यानंतर साधारण पाच-सात सेंटिमीटरच वाढ शिल्लक असते. तिने विचारलं, "आधी आले असते तर?" मी तिची प्रगतिपुस्तकं विचारली. घर बदलताना रद्दीत गेली होती. तिच्यात काही आजार होता की ती आपल्या आईसारखीच होती, हे आता कुणालाच कळणार नाही. तिला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ते पुरेसं नव्हतं.

त्या खोकल्याच्या मुलीला रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक पांढरी गोळी सुरू केली. महिन्याभरात शौचाचा त्रास गेला. दुसऱ्या महिन्यात आई तक्रार घेऊन आली की ही आता उलट बोलते, भावाशी मारामारी करते, अक्षर बिघडलंय. मी खुर्चीतच मागे टेकले आणि हसले. आईला काही कळेना.

बरोबर सहा महिन्यांनी ती उंची मोजायला आली. वेण्या तिने दारातच सोडल्या होत्या. टाचा स्वतःच पट्टीला लावल्या, नजर समोर ठेवली, सिस्टरनी सांगायच्या आत मोठा श्वास घेतला. तीनदा मोजून झालं. सिस्टर तारीख लिहून आकडा घालत होत्या तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली, आणि त्या १२८ लिहून उठायला लागल्या. मुलगी टेबलाशी गेली, टाचा उंचावून फाइलमध्ये डोकावली आणि म्हणाली, "सिस्टर, पॉइंट सहा राहिलं."

सिस्टर परत बसल्या. पॉइंट सहा लिहिलं.